पाचवं मंगलाष्टक

माझी पहिली छापील कविता मी स्वतः रचली, खिळे जुळवून स्वतःच उभी केली, मुद्रितं स्वतःच तपासली आणि तिच्यावर बसलेले गृहस्थही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. कल्याणचं लग्न होतं. मांडवातली सतरंजी धुळीने माखलेली, गृहस्थांचं धोतर परीटघडीचं, आणि हातात नुकताच वाटलेला गुलाबी कागद. त्यांनी तो उलगडला, नीट पसरला आणि माझ्या आठही कडव्यांवर मांडी ठोकली. जेवणाची हाक येईपर्यंत ते काही उठले नाहीत.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं आहे, ‘छापखान्यातल्या दिवसांबद्दल लिहा, आणि सुरुवातीला कोणी दाद देत नसताना तुम्ही लिहीत कसे राहिलात तेही नव्या मंडळींना सांगा.’ पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरीत एक गफलत आहे. मी लिहीत राहिलोच नव्हतो. मध्ये चांगला रुसून थांबलो होतो. पुन्हा लिहू लागलो तो कोणा जाणकाराने पाठ थोपटली म्हणून नव्हे, तर डोंबिवलीची एक मुलगी ऐन मुहूर्तावर अंतरपाटामागे हसली म्हणून. तेवढीच हकिगत माझ्यापाशी आहे, ती सांगतो.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मी डोंबिवलीहून कल्याणला आबांच्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून जाऊ लागलो. आबा म्हणजे मालक. काळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि कुठल्याही गोष्टीला ‘कशाला?’ हा एकच प्रश्न. पारनाक्याजवळ एका माडीखालच्या खोलीत आमचा सगळा कारभार. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन होतं आणि ते चालवायला पांडू भोईर. पांडू कोपरचा आगरी. कोपर तेव्हा खरोखरीचं गाव होतं, भातशेती आणि खाडीकाठची खाजणं यांच्यामधलं. भाताची कापणी आली की पांडू गायब व्हायचा आणि आबांचा ‘कशाला?’ दिवसभर भिंतींना ऐकावा लागायचा.

कंपोझिटर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. लाकडी पेटीत लहान लहान खण, खणात शिशाचे खिळे, प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. काना वेगळा, मात्रा वेगळी, रफार वेगळा. डाव्या हातात स्टिक नावाची लहानशी लोखंडी चौकट धरायची, उजव्या हाताने खिळे वेचायचे आणि ओळ उभी करायची. वाचायची ती उलटी. छापून झालं की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. याला आम्ही मॅटर सोडणं म्हणायचो. दुसऱ्याच्या जाहिराती आणि पावत्या सोडताना काही वाटत नसे. आपलीच कविता सोडताना, ‘जाई’मधला ज एका खणात आणि ई दुसऱ्या खणात टाकताना, मनाला लागायचं. मग त्याच ज मधून कुणाच्या तरी ‘जनरल स्टोअर्स’ची पाटी व्हायची.

आता मंगलाष्टकं. लग्नपत्रिका छापायला येणारा यजमान जाता जाता विचारायचा, ‘मंगलाष्टकं पण तुमच्याकडे होतात ना?’ गुलाबी कागद, कडेला वेलबुट्टी, वर गणपती, आणि खाली आठ कडवी, ज्यांत दोन्ही घरची सगळी नावं यायला हवीत. मुहूर्ताआधी ती मांडवात वाटायची आणि अंतरपाट धरला की घरच्या मुलींनी म्हणायची. पूर्वी आबा जुनीच छापून द्यायचे. मी म्हटलं, मी नवी लिहितो. आबा म्हणाले, ‘कशाला?’ पण नाही म्हणाले नाहीत.

मी मासिकांना कविता पाठवायचो आणि त्या साभार परत यायच्या. काही तर मी घातलेल्या घडीसकट अशा परत यायच्या की उघडल्याची शंकाही घेता येऊ नये. तेव्हा मंगलाष्टकं हाच माझा काव्यसंग्रह होता. म्हणून मी ती जीव ओतून लिहायचो. शार्दूलविक्रीडित वृत्त मोठं हट्टी. अक्षरं मोजून एकोणीस, आणि कोणतं लांब, कोणतं आखूड तेही ठरलेलं. त्यात माणसांची नावं बसवायची. चिंतामणी असेल तर ओळीच्या शेवटाकडे आरामात टेकतात. कमल नावाच्या आत्याला मात्र अख्ख्या ओळीत एकच जागा असते, कारण लागोपाठ तीन आखूड अक्षरं फक्त तिथेच चालतात. आणि कमल नावाची आत्या त्या काळी प्रत्येक घरात होती. सरकारी कचेरीतले एक वरपिता आले, त्यांना आशीर्वादात पंचवार्षिक योजना हवी होती. मी ती बसवली. सहाव्या कडव्यात नवदांपत्य धरणं बांधायला निघालं आहे असं काहीसं झालं, पण ते खूश झाले. दुसरे एक काका म्हणाले, ‘खाली माझं नाव टाका, रचना म्हणून. भाचीचं लग्न आहे, बरं दिसतं.’ तेही टाकलं. माझं नाव तसंही कुठे नसायचंच. खाली ‘आपली चिमुकली मंडळी’ असं छापायची पद्धत होती. माझ्या सगळ्या आरंभीच्या साहित्याचे लेखक पाच ते दहा वर्षांचे आहेत.

नावावाचून माझं अडत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी एकदा विचारावं, ‘हे कोणी लिहिलं हो?’ त्या एका प्रश्नासाठी मी बोलावणं नसलेल्या लग्नांनाही जाऊन उभा राहिलो आहे. मांडवात काय चालतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. मुली पहिलं कडवं लावतात. पुरुष मंडळी पावसापाण्याच्या गप्पा मारतात. बायका एकमेकींच्या पाटल्या बघतात. आपलं नाव आलं की तेवढ्यापुरते कान टवकारतात, आणि नाव झालं की पुन्हा पाटल्या. ‘सावधान’ झालं की पुढच्या माणसाच्या टकलावर अक्षता. मग वाजंत्री, आणि माझ्या कागदांनी वारा घेत सगळे पंगतीकडे.

पांडू रोज चिडवायचा. ‘काय कवी, आज कोनाचा लगीन हाय?’ मशीनवर पाय मारत मारत तो म्हणायचा, ‘तुझी कविता आख्ख्या कल्यानात पयली मनाच भेटते बग. न मना तं वाचताच येत नाय.’ आणि आपल्याला अक्षर येत नाही यावर स्वतःच खो खो हसायचा. मीही हसायचो. पण घरी जाताना ते वाक्य माझ्याबरोबर डोंबिवलीपर्यंत यायचं.

एका वर्षी सिंधू नावाच्या मुलीचं लग्न डोंबिवलीतच, माझ्या घराजवळ होतं. तिच्यासाठी लिहिलेली आठ कडवी मला स्वतःला फार आवडली होती. विशेषतः तिसरं. त्याच्या या दोन ओळी:

ज्या दारी तुळशीस घालि जल ती ते दार मागे पडे,
जाई लावुनि अंगणात निघता डोळ्यांत पाणी अडे.

म्हटलं, यावर तरी कोणी चमकेल. मी मांडवाच्या खांबाशी उभा राहिलो. दोन वेण्या घातलेल्या मुलींनी ते कडवं खरंच छान म्हटलं, सावकाश, शब्द न चिरडता. माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, ‘जिलबी आहे की बुंदी, काही कळलं का?’

मी न जेवता घरी आलो. दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं, ‘आजपासून मंगलाष्टकं लिहिणार नाही. कोणी ऐकतच नाही. खिळे जुळवीन, पत्रिका जुळवीन, पण हे नाही.’ 

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं ‘कशाला?’ म्हणतील. ते म्हणाले, ‘नको लिहूस. पण हे सिंधूचं मॅटर सोडू नकोस. दोरा बांधून फळीवर ठेव.’

‘ते कशाला?’ या वेळी मी विचारलं.

‘पुढच्या लग्नाला नावं बदलायची. मी बदलीन. कोणी ऐकतच नाही म्हणतोस ना?’

माझंच बोलणं त्यांनी मला परत दिलं होतं. त्या लग्नसराईत आमच्याकडून जेवढी मंगलाष्टकं गेली, तेवढी सगळी सिंधूचीच. आबा स्वतः चिमट्याने नावांचे खिळे उचलायचे, नवे बसवायचे, पुन्हा दोरा. ठाण्याच्या वधूचं लग्न, भिवंडीच्या वराचं लग्न, सगळ्यांच्या अंगणात तीच जाई. एकाही माणसाने तक्रार केली नाही. आबा दर आठवड्याला म्हणायचे, ‘बघ, आहे कुणाला पत्ता?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. काम सोपं झाल्याचा आनंद होता. मी मान खाली घालून पावत्या जुळवत राहायचो. लिहिणं थांबवल्यावर सुटल्यासारखं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. नुसतं हात रिकामे असल्यासारखं वाटायचं, आणि ते तर दिवसभर कामात असत.

मग एक दिवस आमच्या डोंबिवलीतल्या गोदूमावशी आल्या. नऊवारी, हातात छत्री, आणि छत्रीचं टोक थेट आबांच्या टेबलावर.

‘मंगलाष्टकं लिहिणारा कोण तो इथला?’

एवढी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा आला. आबांनी झटकन माझ्याकडे बोट केलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

‘अरे, तू?’ मावशी माझ्याकडे वळल्या. ‘माझ्या भाचीच्या संसारात विस्तव टाकलास रे!’

पांडूने मशीन थांबवलं. मावशींनी सांगितलं ते असं. त्यांची भाची कुसुम, डोंबिवलीची. तिचं लग्न ठाण्याच्या वसंतरावांशी नुकतंच झालेलं. मंगलाष्टकं आमची. सातव्या कडव्यात वधूच्या मामाचं नाव असायचं, कारण नवरीला हात धरून आणतो तोच. कुसुमचे मामा माधवराव. पण मुलींनी कागदावर होतं तसं म्हटलं:

मामा श्रीधर हात देउनि तिला आणीत वेदीवरी.

श्रीधर हे सिंधूचे मामा. आबांनी सगळी नावं बदलली आणि नेमके मामा फळीवरचेच राहिले. माधव म्हटलं असतं तरी वृत्ताला बाध आला नसता, दोन्ही नावं मापाला सारखीच. तीनशे माणसं असतील नाहीतर चारशे, एकाच्याही लक्षात आलं नाही. खुद्द माधवमामा भाचीच्या मागे उभे होते, त्यांनाही नाही.

‘आणि कुसुम हसली!’ मावशी म्हणाल्या. ‘अंतरपाटामागे खांदे हलायला लागले तिचे. मला वाटलं रडतेय. तेवढ्यात शेवटचं सावधान झालं, अंतरपाट दूर झाला, आणि समोर नवरा मुलगा बघतोय तर ही तोंडावर हार धरून हसतेय. फिस्सकन!’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय! जावयाला वाटलं, ही आपल्याला बघूनच हसली. जाड भिंगांचा चष्मा आहे त्यांना, आणि मुंडावळ्या वाकड्या झालेल्या. विहीणबाई म्हणतात, ज्या मुलीला नवऱ्याचं तोंड बघून हसू येतं तिचं पुढे काय व्हायचं! ती पोरगी सांगतेय, अहो, मंगलाष्टकात चूक होती म्हणून हसले. तर विश्वास कोण ठेवणार? सगळे म्हणतात, मंगलाष्टकं ऐकतं का कोणी? काहीतरी थाप मारते आहे. जावईबापू सरळ बोलत नाहीत तिच्याशी. आता रविवारी तू माझ्याबरोबर ठाण्याला यायचंस आणि सांगायचंस.’

‘काय सांगू?’

‘हेच. की मंगलाष्टकं ऐकतात म्हणून.’

वर्तमानपत्रामागून आबा बारीक आवाजात म्हणाले, ‘जा दत्तू. लिहिलं तूच आहेस.’ आणि पांडू पुटपुटला, ‘आता रं कवी? कोन आयकतं ते सांग जा.’

रविवारी आम्ही ठाण्याला गेलो. टेंभी नाक्यापासून आत, एका दुमजली घरात वरच्या मजल्यावर ती मंडळी राहत. बाहेरच्या खोलीत सासरे, सासूबाई आणि वसंतराव. वसंतराव पोस्टात होते. उंच, शांत, खरंच जाड चष्म्याचे. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं, या माणसाला दुखावलं गेलं आहे आणि ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही. आतल्या दाराशी कुसुम पदर घेऊन उभी होती. मी तिला ओळखलं नाही.

मी सगळं सांगितलं. खिळे, दोरा, फळी, नावं बदलणं, राहून गेलेले मामा. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, ‘चूक झाली असेल हो, नाही म्हणत नाही. पण ती हिला कळली कशी? आम्ही एवढी माणसं होतो. माझ्या स्वतःच्या लग्नात काय म्हटलं होतं ते मला ठाऊक नाही. मंगलाष्टकं ऐकायला का असतात?’

हेच वाक्य मी आबांना म्हटलं होतं. आता ते खोटं पाडायला मी इथे बसलो होतो आणि माझ्यापाशी एकही पुरावा नव्हता. मी गोदूमावशींकडे पाहिलं. त्या छत्रीकडे पाहत होत्या.

दारातून कुसुमच म्हणाली, ‘मी म्हणून दाखवू का?’

सासऱ्यांनी मान हलवली. आणि तिने सुरुवात केली. चालीवर नाही, लाजत, खाली बघत, पण एकही शब्द न अडखळता. पहिलं, दुसरं, मग तिसरं. ‘ज्या दारी तुळशीस...’ ऐकलं आणि मला मांडवाचा खांब आठवला. दोन वेण्यांतली एक ही होती.

‘सिंधू माझी मैत्रीण,’ ती म्हणाली. ‘तिच्या लग्नात आम्हीच म्हटली होती. घरी तालीम करून करून पाठ झाली. तिचे श्रीधरमामा खूप जाडे आहेत, आणि तेव्हा त्यांचा पाय दुखत होता. मामांनी सिंधूला हात देऊन आणलं म्हणतात, पण खरं तर सिंधूनेच मामांना आणलं होतं. आम्हांला तेव्हाच हसू आवरत नव्हतं. आणि माझ्या लग्नात एकदम तेच! मागे बघते तो आमचे माधवमामा, काडीसारखे...’ तिला पुन्हा हसू फुटलं आणि तिने पदर तोंडाशी नेला.

मग वसंतराव बोलले. नव्या नवरीशी वडीलधाऱ्यांसमोर बोलायची पद्धत नव्हती, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘म्हणजे... मला बघून नाही?’

तीही माझ्याकडेच बघून म्हणाली, ‘अंतरपाट होता ना मध्ये! यांना पाहिलंच कुठे होतं तोवर?’

पहिले सासरे हसले. मग सासूबाई, अगदी मनाविरुद्ध. वसंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि लग्न झाल्यावर पहिल्यांदाच असावं, तिच्याकडे सरळ पाहिलं. इतका आनंद एखाद्या चेहऱ्यावर येताना मी फारसा पाहिलेला नाही. सासूबाई उठून आत गेल्या आणि रव्याच्या वासावरून कळलं की शिरा होतो आहे. माझ्या कामावर मिळालेला तो पहिला शिरा.

निघताना कुसुम जिन्याच्या तोंडाशी आली. ‘एक विचारू का?’ म्हणाली. ‘बाबांना मी मुद्दाम सांगितलं होतं, ज्यांनी ती जाई लिहिली त्यांच्याकडूनच मंगलाष्टकं घ्या म्हणून. मला बघायचं होतं, माझ्यासाठी काय लिहिता ते. आमच्या अंगणात खरोखरच मी लावलेली जाई आहे. तुम्ही नवी का नाही लिहिलीत?’

मी म्हटलं, ‘कोणी ऐकत नाही, म्हणून.’

‘मी ऐकत होते की,’ ती म्हणाली.

हे तिने रागाने म्हटलं नाही. साधं, खरं ते सांगितलं. जिना उतरताना मला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं, आणि दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला अजून सांगता येत नाही. तलावपाळीवरून येताना गोदूमावशी विजयी मुद्रेने छत्री आपटत चालल्या होत्या. मी एवढाच विचार करत होतो की एकच माणूस वाट बघत होतं, आणि त्यालाच आपण फळीवरचं दिलं.

दुसऱ्या दिवशी मी फळीवरून सिंधूचं मॅटर काढलं. दोरा कापला. आबा बघत होते. मी एकेक खिळा खणात टाकू लागलो तेव्हा ते म्हणाले, ‘कशाला?’ पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. श्रीधरमामा आपापल्या खणांत गेले, तिसऱ्या कडव्यातली जाईही गेली. या वेळी ती सोडताना काही लागलं नाही.

मग मी कुसुमसाठी आठ नवी कडवी लिहिली. आबांना कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ‘अरे, लग्न होऊन मुलगी नांदायला लागली. आता कोण म्हणणार ती?’ मी म्हटलं, ‘म्हणायला नकोत, वाचायला.’ कागद एकच छापायचा होता. पांडूने त्या एका कागदासाठी सगळं मशीन पुसलं, शाई नवी लावली, गुलाबी कागदांतला डाग नसलेला शोधून काढला आणि एकदाच पाय मारला. ‘येका कागदासाठी येवरा!’ म्हणत त्याने तो दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. ‘माधवमामा हायत ना पन?’ होते. सगळ्यांत आधी तेच बसवले होते.

दिवाळी आली. पहिला दिवाळसण, म्हणजे कुसुम आणि वसंतराव डोंबिवलीला माहेरी येणार. पाडव्याला दुपारी मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. अंगणात जाई होती, कुंपणाला धरून चढलेली. कुसुमने फराळाचं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि कागद घेऊन ओटीवर उभ्या उभ्याच वाचायला लागली. वसंतराव तिच्या मागून मान लांब करून वाचत होते. आता ते दोघे आपसांत बोलत होते आणि माझ्याकडे बघायची त्यांना गरज उरली नव्हती. मी चकलीचा तुकडा तोंडात धरून बसलो. ती पहिल्यावर थोडी हसली. तिसऱ्यावर थांबली, पुन्हा वाचलं, जाईकडे पाहिलं. शेवटी कागदाची घडी घातली.

‘फार छान आहेत,’ ती म्हणाली. ‘पण दत्तूभाऊ, पाचवं नाही जमलं.’

‘अगं!’ वसंतराव म्हणाले.

‘खरं ते सांगते. पाचव्यात घाई केली त्यांनी. सासरची नावं राहिली होती ती सगळी एका ठिकाणी कोंबली. मामंजींच्या पुढे लगेच वन्सं, त्यांच्या पुढे काका, श्वास घ्यायला जागा नाही.’

अगदी बरोबर होतं. पाचव्यापाशी मी कंटाळलो होतो. हे मला ठाऊक होतं, आणि वाचणाऱ्याला कळणार नाही अशी माझी खात्री होती. ते तिने धरलं. माझ्या ओळींतली खोट शोधण्याइतपत त्या कोणीतरी वाचल्या होत्या! मी घरी आलो तो जवळजवळ धावतच. आईने विचारलं, ‘एवढा काय आनंद झालाय? आवडलं वाटतं?’ मी म्हटलं, ‘नाही! पाचवं आवडलं नाही!’ तिला वाटलं, ऊन लागलं.

त्यानंतर मी कितीक लग्नांची मंगलाष्टकं लिहिली. मांडवातली माणसं बदलली नाहीत. गप्पा त्याच, पाटल्या त्याच, पुढे मायक्रोफोन आले तेव्हा गप्पा अधिक मोठ्याने. कागदांवर बसणारे बसले, वारा घेणारे वारा घेत राहिले. माझं त्यांच्याशी भांडण उरलं नव्हतं. मी खांबाशी उभा राहायचो तो अंतरपाटाकडे बघत. तिथे मान खाली घालून एक मुलगी उभी असते. तिला काही दिसत नसतं, काही बोलायचं नसतं, ऐकण्याखेरीज दुसरं कामच नसतं. आता कडवं जमत नसलं की मी तिला डोळ्यांपुढे आणतो आणि नावं कोंबत नाही.

आबा गेले, छापखाना गेला, खिळे भंगारात गेले. पांडूच्या खाजणावर इमारती उभ्या आहेत. त्याचा नातू तिथेच राहतो आणि मला रस्त्यात ‘कवी आजोबा’ म्हणून हाक मारतो. माझा कवितासंग्रह निघाला नाही. त्याची हळहळ आहे, नाही कशाला म्हणू?

येत्या मार्गशीर्षात कुसुमच्या नातीचं लग्न आहे. ठाण्याहून तिचा फोन आला होता. मागून वसंतरावांचा आवाज येत होता, ‘माझं नाव नीट बसव म्हणावं.’ ती म्हणाली, ‘भाऊ, आठच्या आठ नवी हवीत. आणि छापायच्या आधी मला वाचून दाखवायची.’ तेव्हापासून एकेक कडवं झालं की मी तिला फोनवर म्हणून दाखवतो.

चार पसंत पडली आहेत. पाचवं काल साभार परत आलं.